फोर बाय फोरचा आखूड दांडा टाकायचा कसा?

गाडी घेऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. वेल्ह्याकडच्या एका कच्च्या रस्त्यावर चिखलात फोर हाय टाकलं, म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांना दिली, गाडी मस्त निघाली, आणि मी तसंच टाकून ठेवून डांबरी रस्त्याने पुण्यात थेट वारज्यापर्यंत आले. वाटेत विशेष काही जाणवलं नाही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मात्र खांबाला वळसा घालून जागेवर लावायला गेले, तर स्टिअरिंग दगड झालेलं. टायर काँक्रीटवर किंचाळतायत, गाडी ठेच लागल्यासारखी अडखळतेय. घाबरून थांबले आणि मुख्य गियरशेजारचा आखूड दांडा टू हायकडे, म्हणजे परत दोन चाकांवर यायला, ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. वॉचमन काका म्हणाले, "मॅडम, ब्रेक चिकटलाय बहुतेक."

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतले एक मिस्त्री आले. हयातभर जीपाच केलेला माणूस. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. आत बसले, चाकं सरळ केली, रिव्हर्स टाकून गाडी चार-पाच फूट मागे घेतली आणि दोन बोटांनी दांडा टू हायमध्ये आणून ठेवला. "ताई, त्याला जोर नसतो लावायचा. गाडी पिळात होती. पीळ सोडवला की दांडा आपोआप येतो."

पुढचं सगळं त्या एका वाक्याचा विस्तार आहे. शोरूममध्ये किल्ली देताना हे कोणी सांगत नाही, आणि जुनी गाडी विकणारा तर नाहीच नाही.

१. आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते बघा

थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा, महिंद्राच्या जुन्या जीपा या सगळ्या 'पार्ट टाइम' फोर बाय फोर. म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर चालायचं आणि गरज पडली तरच पुढची जोडायची. गियरबॉक्सच्या मागे असलेला ट्रान्सफर केस हे जोडायचं काम करतो. त्याच्या दांड्यावर साधारण चार जागा असतात: टू हाय (दोन चाकं, नेहमीचा वेग), फोर हाय (चार चाकं, नेहमीचा वेग), न्यूट्रल (एकही चाक जोडलेलं नाही), फोर लो (चार चाकं, सावकाश पण जास्त ओढ). अगदी जुन्या जीपांना एकाऐवजी दोन आखूड दांडे असायचे, एक पुढची चाकं जोडायला आणि एक लो टाकायला.

काही गाड्यांना दांडा नसून बटण किंवा गोल खटका असतो. स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, २०२४ पासूनची गुरखा, हल्लीची फॉर्च्युनर या त्यातल्या. आत काम तेच, दांड्याऐवजी मोटर करते इतकंच.

आणि 'ऑल व्हील ड्राइव्ह' लिहिलेल्या गाड्यांना बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. त्या आपलं आपण ठरवतात. तुमची तशी असेल तर हा लेख इथेच सोडा.

घोळ जुन्या फॉर्च्युनरवाल्यांचा होतो. २००९ ला आपल्याकडे आलेली फोर बाय फोर फॉर्च्युनर कायम चारही चाकांवर चालणारी होती, तिच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरजोडणी. २०१६ ला आलेली नवी मात्र पार्ट टाइम. नाव तेच, सवयी वेगळ्या. मोठ्या भावाकडे जुनी आहे म्हणून त्याचा सल्ला तुमच्या नवीला लावू नका.

२. हाताशी काय हवं

सगळ्यात आधी मालकाची पुस्तिका. सेकंड हँड गाडीत ती हमखास नसते, तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून मोबाइलमध्ये ठेवा, कारण पानशेतच्या पुढे रेंजचा भरवसा नाही. मग टायरमधली हवा मोजायचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर, ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल, फावडं, चाकाला लावायला लाकडी ठोकळे (दगड सापडतोच, पण हवा तेव्हा सापडत नाही). कागदपत्रं नेहमीचीच: आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड आहे का ते बघून ठेवा. पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा बसत नाही.

जुनी गाडी घेत असाल तर टायरचा आकार आरसीवरच्या मॉडेलला मूळ जो होता तोच आहे का, हेही पाहा. जाडजूड टायर दिसायला छान, पण मूळ बनावटीत केलेले बदल आरटीओत आणि विम्यात दोन्हीकडे अडचणीत आणतात.

३. पीळ म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या

फोर हाय टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ओढ नेणारे दोन शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. दोघांनी सारख्याच वेगाने फिरायचं, कमी-जास्त चालणार नाही. सरळ रस्त्यावर यात काही अडत नाही. वळणावर अडतं, कारण पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची छोट्या.

थारचा व्हीलबेस २४५० मिमी. मागचा अ‍ॅक्सल साडेचार मीटर त्रिज्येने वळतोय असं धरलं, तर पुढचा ५.१ मीटरच्या आसपास जातो. एका काटकोनी वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जवळजवळ मीटरभर जास्त धावावं लागतं. शाफ्ट तर बांधलेले. मग हा मीटर जायचा कुठे? चिखलात, मुरमावर, वाळूत टायर जरासा घसरतो आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरायला तयार नसतो. मग शाफ्ट, गियर, जॉइंट सगळे ओल्या धोतरासारखे पिळले जातात. ट्रान्सफर केसमधले दाते एकमेकांवर इतके दाबून बसतात, की दांडा ओढून सुटत नाहीत.

बेसमेंटमध्ये माझं हेच झालं. वारज्यापर्यंतच्या रस्त्यावर मोठी वळणं होती म्हणून कळलं नाही, खांबाच्या वळशात कळलं.

टायरही पीळ भरतात. पुढे नवे, मागे झिजलेले असं असेल आणि त्रिज्येत ५ मिमीचा फरक असेल, तर घेरात तो सुमारे ३ सेंमी होतो. कागदावर मांडलं तर किलोमीटरला बारा-तेरा मीटरचा फरक, तोही सरळ रस्त्यावर. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे ठेवा, आणि फोर बाय फोर टाकण्याआधी हवा मोजा. दोनच टायर बदलून पैसे वाचवू पाहणाऱ्याला इथे ते दुसरीकडे भरावे लागतात.

४. टू हाय ते फोर हाय

सोपं आहे. नव्या गाड्यांत चालत्या गाडीतही होतं. जिम्नीत ताशी १०० किमीच्या आत चालतं, इतर गाड्यांची मर्यादा पुस्तिकेत सापडेल. मी स्वतः ३०-४० च्या वर कधीच टाकत नाही. चिखल समोर दिसतोय, मग शंभरने जायची घाई कसली?

चाकं सरळ ठेवा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला. दांडा एका ओघात फोर हायकडे न्या. ढकलायचा नाही आणि अर्ध्यावर सोडायचाही नाही. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की जोडणी पूर्ण झाली. लुकलुकतच असेल तर थोडं सरळ चालवा.

चाकं फिरत असताना, म्हणजे मागची चाकं चिखलात गरागरा फिरतायत आणि पुढची जागेवर उभी आहेत, अशा वेळी फोर हाय टाकू नका. हा सगळ्यात महागडा आवाज आहे. पाय काढा, चाकं थांबू द्या, मग टाका. त्याहून बरं म्हणजे चिखलात शिरायच्या आधी टाका. नवशिके रुतल्यावर टाकतात.

काही जिप्सींना आणि जुन्या जीपांना पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब असतात. ते दोन्ही 'लॉक'वर नसतील तर आत दांडा फोर हायवर असूनही पुढची चाकं नुसती सोबत येतात. खाली उतरून फिरवायला लागतात, दोन्ही बाजूंचे. एकच फिरवून "फोर बाय फोर चालत नाही" म्हणून मिस्त्रीकडे गेलेले लोक मी पाहिलेत.

५. फोर हाय ते फोर लो

लो म्हणजे ट्रान्सफर केसमधली आणखी एक गियरजोडी. थारमध्ये ती २.४८ ची आहे, जिम्नीत साधारण २ ची. वेग तितक्या पटीने कमी, चाकावरची ओढ तितक्या पटीने जास्त. पहिल्या गियरमध्ये गाडी माणसाच्या चालीने निघते. खड्या चढाला, खडकातून सावकाश उतरायला, रुतलेली दुसरी गाडी ओढायला लो. नुसत्या चिखलात बहुतेक वेळा फोर हाय पुरतं.

लो टाकण्याची रीत अशी:

गाडी सपाटीवर थांबवा. शक्यतो सपाटीवरच, कारण पुढच्या मुद्द्यात येतंय. ब्रेकवर पाय. क्लच पूर्ण खाली आणि मुख्य गियर न्यूट्रलला. ऑटोमॅटिक असेल तर सिलेक्टर एनवर. मग आखूड दांडा फोर हायवरून न्यूट्रल ओलांडून फोर लोमध्ये, एका दमात. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल ओलांडताना दांडा खाली दाबावा लागतो. दाबलेलाच ठेवून पुढे न्या. मध्ये "जातोय का बघू" म्हणून थबकलात की दाते एकमेकांच्या टोकावर येतात आणि करकर होते.

पूर्ण थांबलेल्या गाडीत कधी दांडा जायला नकार देतो. पीळ नसतो, दात्यासमोर दाता आलेला असतो. दांडा परत फोर हायवर आणा, पहिला गियर टाकून गाडी वीतभर पुढे सरकवा, थांबा, पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वेळी जातोच. जुन्या गाड्यांचे लोक ताशी २-३ किमी वेगाने गाडी घरंगळत ठेवून टाकतात आणि ती तशी लोण्यासारखी जाते, पण जिम्नीसारख्या गाड्यांची पुस्तिका पूर्ण थांबायला सांगते. तिथे तिचं ऐका.

लोमध्ये गेल्यावर उताराला पहिला गियर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला. इंजिनच गाडी धरतं. मध्येच भीतीने क्लच दाबलात की ती पकड गेली.

६. न्यूट्रलचा सापळा

हा मुद्दा दोनदा वाचा.

आखूड दांड्यावरचं न्यूट्रल म्हणजे चारही चाकं गियरबॉक्सपासून सुटलेली. मग तुम्ही पहिला गियर टाकून ठेवा, रिव्हर्स टाकून ठेवा, ऑटोमॅटिकमध्ये पार्किंगवर ठेवा, गाडी घरंगळणारच. गियर गाडीला धरतो ही आपली जन्माची सवय इथे खोटी ठरते.

पाबे घाटात चढावर थांबून मी लोमधून हायमध्ये येत होते. मेव्हणा शेजारी बसलेला. दांडा आणला, पोचला असं वाटलं, पहिला गियर टाकला, क्लच सोडला. इंजिन नुसतं गुरगुरलं. गाडी पुढे जाईना. मी अजून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि आरशात पाहिलं तर मागचं करवंदीचं झुडूप मोठं मोठं होत होतं. गाडी मागे चालली होती, इतकी सावकाश की अंगाला कळलंही नाही. मेव्हणा ओरडला, "हँडब्रेक!" मी ओढला. तो उतरला आणि त्याने चाकामागे दगड लावला. झुडपापलीकडे काय होतं ते आम्ही दोघांनी एकदाच वाकून पाहिलं.

म्हणून: आखूड दांड्याला हात लावायच्या आधी हँडब्रेक किंवा ब्रेकवर घट्ट पाय. चढा-उतारावर मध्येच लो-हायची अदलाबदल करायची नाही, आधी सपाटीवर ठरवा. दांडा पोचला की नाही हे हाताने ठरवू नका, दिव्याने ठरवा, आणि दिवा नसेल तर क्लच हळू सोडून गाडी किंचित ओढ घेते का ते पाहून मगच ब्रेक सोडा. गाडी लावून जाताना दांडा न्यूट्रलवर राहिला नाही ना, हे बघायची सवय गॅसचा कॉक बघण्यासारखी लावून घ्या.

७. परत टू हायमध्ये, आणि अडकलं तर

कच्चा रस्ता संपायच्या आधी, म्हणजे डांबराला चाक लागायच्या आधीच टू हायवर या. मुरमावर पीळ साठत नाही, त्यामुळे दांडा सहज येतो. माझ्या मैत्रिणीने डॅशबोर्डवर चिठ्ठी लावलीय: "डांबर = टू". हसू येतं, पण ती कधी अडकलेली नाही.

अडकलाच तर हा क्रम:

चाकं अगदी सरळ करा. पाच-सहा फूट सरळ मागे घ्या, थांबा, दांडा ओढा. नाही आला तर तितकंच पुढे. पीळ ज्या दिशेने भरला त्याच्या उलट दिशेने सुटतो, म्हणून पुढे चालवून अडकलेला बहुधा मागे घेतल्यावर येतो. तरी नाही तर दांड्यावर हलका हात ठेवून सरळ रेषेत हळू चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित देत-सोडत राहा. दाब क्षणभर सुटतो त्या क्षणी दांडा हातात येतो. जागा असेल तर दोन चाकं रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवा. आणि शेवटचा उपाय, सपाटीवर दुसऱ्या चाकांना ठोकळे लावून जॅकने एक चाक जमिनीवरून उचलायचं. चाक झटक्यात फिरतं, हात आणि पाय लांब ठेवा.

लाथ मारणं, पाइप घालून दांडा लांब करणं, हे करू नका. आतले फोर्क, म्हणजे दांड्याने गियर सरकवणारे काटे, वाकतात.

बटणवाल्या गाड्यांत अडकल्याचं दांड्यातून कळत नाही, दिवा लुकलुकत राहतो. उपाय हाच. घाईघाईने बटण पाच वेळा दाबण्याने काही होत नाही. एकदा दाबा आणि गाडीला पुढे-मागे हलवून वेळ द्या.

८. पावसातला घाट: टाकायचं का?

ताम्हिणीत जुलैमध्ये धो धो पडत असताना पुष्कळ लोक फोर हाय टाकून डांबरावरून जातात. माझं मत विरोधात आहे. पाणी वाहतंय, रस्त्यावर माती आलीय, तिथे टाका. पण नुसतं ओलं डांबर आणि अरुंद वळणं असतील तर पिळाचा त्रास आहेच, शिवाय पुढची चाकं वळायला कुरकुरतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला ओढ घेते. आणि ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. फोर बाय फोरने गाडी लवकर निघते, लवकर थांबत नाही. घाटात पाय हलका ठेवणं जास्त उपयोगाचं.

९. सराव कुठे करावा

वेताळ टेकडी नाही. कुठलीच टेकडी नाही. धरणाच्या काठचा गाळही नाही, ते आपलंच पिण्याचं पाणी आहे. ताम्हिणीचं जंगल अभयारण्य आहे, तिथे रस्ता सोडायचा नाही. आणि मुळशी-वेल्ह्याकडे जूनमध्ये जी मोकळी, छान ओली जमीन दिसते ती भाताची खाचरं असतात. त्यात गाडी घातलीत तर कोणाच्या तरी लावणीवर घातलीत.

ओळखीच्या कोणाचं पडीक माळरान, मुरमाचं, विचारून. पहिल्या दोन पावसांनंतरचा मुरूम सरावाला उत्तम, घसरतो पण गिळत नाही. सासवड-जेजुरीकडची काळी माती मात्र नवशिक्यांनी टाळा. ती टायरच्या खाचा भरते आणि मग टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरतो, टू काय आणि फोर काय.

एकटे जाऊ नका. दुसरी गाडी बरोबर असावी.

१०. जुनी गाडी घेताना पाच मिनिटांची तपासणी

विकणाऱ्याला मातीच्या तुकड्यावर गाडी न्यायला सांगा. टू हाय, फोर हाय, लो, पुन्हा उलट, सगळं तुमच्यासमोर. मग फोर हायमध्ये मातीवर पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू एक चक्कर: पुढून टक-टक आवाज आला तर पुढचे जॉइंट गेलेत. लोमध्ये चढावर पाय सोडला आणि दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला आला तर घेऊच नका. खाली वाकून ट्रान्सफर केसच्या सीलभोवती तेल पाझरलंय का पाहा. "कधी वापरलंच नाही फोर बाय फोर" हे वाक्य विकणारे अभिमानाने सांगतात. ती चांगली बातमी नाही.

११. महिन्यातून एकदा

न वापरलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये तेल खाली बसतं, सील कोरडे पडतात, जोडणारे भाग जाम होतात. टोयोटाच्या पुस्तिका महिन्याला निदान १६ किमी चारही चाकांवर चालवायला सांगतात. इतर गाड्यांनाही ही सवय चांगलीच. पावसाळ्यात प्रश्न नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याला लागावं लागेल, बेसमेंटमध्ये चकरा मारून भागवू नका.

ट्रान्सफर केसचं तेल वेगळं असतं, इंजिनाच्या सर्व्हिसिंगमध्ये ते आपोआप बदललं जात नाही, विचारा. कुठल्या गाडीला गियर ऑइल लागतं, कुठल्या गाडीला ऑटोमॅटिकचं पातळ तेल, ते पुस्तिकेतच पाहा. ओढ्यात खोल गाडी घातली असेल तर लगेच तपासा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, त्याच आठवड्यात बदला. काढलेल्या बोल्टच्या चुंबकावर बारीक काळपट लेप असणं ठीक, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर केस उघडावा लागेल.

आणि स्वतः बदलणार असाल तर आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा काढा. खालून सगळं तेल काढून टाकलं आणि वरचा गंजलेला बोल्ट सुटलाच नाही, तर गाडी मिस्त्रीकडे टो करूनच न्यावी लागते. माझा दांडा सोडवणाऱ्या त्या मिस्त्रींनी मला हे नाना पेठेत चहा पिताना सांगितलं, दुसऱ्या कोणाची तरी तशी आलेली गाडी दाखवत.